साहेब, मंगळवारी बाजार असतो : जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद

विषय : आमच्या उपकेंद्रातली मंगळवारची डॉक्टरांची तपासणी ‘अल्प प्रतिसादामुळे’ बंद केल्याबद्दल

साहेब, सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या उपकेंद्राच्या दारावर एक कागद चिकटला. ‘लाभार्थ्यांचा अल्प प्रतिसाद विचारात घेता दर मंगळवारी होणारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची तपासणी बंद करण्यात येत असून लाभार्थ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. सगळं रीतसर.

आमचं गाव मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे वाचून त्या बिचाऱ्या सिस्टरला कोणी फोनवर झापू नये. तुमच्या टेबलावर माझा आधीचा अर्ज आहे, त्यावर नाव, गाव, पत्ता सगळं आहे. त्याला उत्तर आलं नाही म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

मी किराणा दुकानदार. उपकेंद्रासमोर, रस्त्याच्या पलीकडं माझं दुकान आहे, २२ वर्षांपासून. कोण आलं, किती वाजता आलं, कोण कुलूप बघून माघारी गेलं, हे मला ओट्यावर बसल्या बसल्या दिसतं. तुमच्या रजिस्टरात आलेल्यांची नावं असतात. जे आले नाहीत ते संध्याकाळी माझ्याकडं येतात, म्हणून हे पत्र मी लिहायचं.

पहिली गोष्ट दिवसाची. डॉक्टरसाहेब यायचे मंगळवारी. आमच्या तालुक्याचा आठवडी बाजारही मंगळवारीच. त्या दिवशी ज्याला चालता येतं तो पिशवी घेऊन जीपमध्ये बसलेला असतो. वेळ साडेअकरा ते एक. तेव्हा बाया वावरात. सकाळी आठ-साडेआठला भाकरी बांधून निघायचं, खुरपण असो की कापसाची वेचणी, पाच-साडेपाचला परतायचं. रोज ३०० रुपये. दुखणं दाखवायला घरी थांबलं की तो रोज बुडाला, आणि उद्या टोळीत आपली जागा राहील का हा घोर वेगळाच. डॉक्टरांना मी दोष देत नाही. एकटा माणूस, तीन उपकेंद्रं, दुपारी परत पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. पण वेळापत्रक ठरवताना तुमच्या कचेरीतल्या एकानं तरी आमच्या सिस्टरला फोन करून विचारायचं होतं की बाई, गावात माणूस कधी असतो?

संध्याकाळी सहानंतर माझा ओटा भरतो. तेल, साखर, चहापत्ती घेऊन झाली की पदर सावरत हळूच, “एक दुखायची गोळी द्या वो.” कंबर, गुडघे, पोटऱ्या, डोकं. ही गोळी मी विकायला नको होती. विकत होतो. पॅरासिटामॉलवरही थांबलो नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ज्या द्यायच्या नाहीत त्याही माझ्या बरणीत होत्या. पाच रुपयांत रात्र निघायची आणि सकाळी वावर गाठता यायचं. हे जाहीर लिहिताना लाज वाटते. पण तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगायची तर माझी आधी सांगितली पाहिजे.

माझी चुलती त्या गिऱ्हाइकांतलीच. काकूनं सात-आठ वर्षं रोज दोन-दोन गोळ्या घेतल्या. घरचंच दुकान, मी पैसेही घेतले नाहीत. तिला बीपी आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. बीपी मोजायचं यंत्र ज्या वेळेला कपाटाबाहेर असायचं त्या वेळेला ती वावरात. पायावर सूज आली, आम्हाला वाटलं उन्हानं. मग तोंड सुजलं, दम लागायला लागला, तेव्हा मोठ्या शहरात नेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखायच्या गोळ्या घेता का, किती वर्षं, कुठून आणता? मी शेजारीच उभा होतो. काकूनं माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणाली, “मिळायच्या गावातच.”

दोन्ही किडन्या निकामी आहेत. बीपीनं किती आणि गोळ्यांनी किती याची फोड डॉक्टरांनी करून दिली नाही, मीही विचारली नाही. बरणी त्याच रात्री रिकामी केली. तेव्हापासून गावातल्या बाया दुसऱ्या गावच्या दुकानातून गोळ्या आणतात, हेही सांगून टाकतो.

आता डायलिसिस. ते मोफत आहे, मान्य. पण एक खेप काय पडते ते पहा. गावातून तालुक्याला जीप, माणशी ४० रुपये. पुढं एसटी. बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं हे फार बरं झालं, म्हणून काकूचे ३८, सोबतच्या चुलतभावाचे ७५. हे जायचं, तेवढंच यायचं. भावाचा ५०० चा रोज बुडतो तो निराळा. झाले ८८६. महिन्यात आठ खेपा म्हणजे सात हजारांच्या वर, दवाखान्याचं बिल शून्य असताना. डॉक्टर म्हणतात आठवड्यातून तीनदा आणा, आम्ही दोनदाच नेतो. ती तिसरी खेप कुठल्या तरी रजिस्टरात ‘रुग्ण आला नाही’ म्हणून पडली असेल.

मराठवाड्यात सरकारी दवाखाने नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही. संभाजीनगरला घाटी दवाखाना आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या तर नावातच ‘ग्रामीण’ आहे. लातूरला आहे, नांदेडला आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात लेकरं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. लांबून, शेवटच्या अवस्थेत आलेले रुग्ण होते, असं तेव्हा सांगण्यात आलं. तिथं काय चुकलं, कोणाचं चुकलं, हे ठरवायला मी डॉक्टर नाही. पण शेवटची अवस्था येईस्तोवर आमच्याकडचा माणूस थांबतो कुठं, ते मला माहीत आहे. माझ्या ओट्यावर थांबतो.

आता तुमच्या ‘अल्प प्रतिसादा’कडं येतो. हजेरी कशी मोजली याचे कागद मी माहितीच्या अधिकारात मागितले. तीस दिवसांच्या आत मिळाले, त्याबद्दल आभार, आणि हे मनापासून. बंद करण्याच्या प्रस्तावाला जोडलेली हजेरी आहे नोव्हेंबर ते फेब्रुवारीची.

साहेब, तुम्ही कुठले ते मला ठाऊक नाही. पण या पट्ट्यात नोकरी करताय म्हणजे हे तुम्हाला माहीत असणारच की दसरा-दिवाळी झाली, मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक लागले की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यावर जातं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पार कर्नाटकात. मार्च-एप्रिलशिवाय माघारी येत नाही. मागं राहतात म्हातारी-कोतारी, शाळेची लेकरं आणि माझ्यासारखे दुकानवाले. दारांना कुलपं असलेल्या गावात तुम्ही प्रतिसाद मोजलात. जून-जुलैचा कागद का जोडला नाही? साथीच्या तापात त्या व्हरांड्यात उभं राहायला जागा नव्हती. डॉक्टरांना चहा माझ्याच दुकानातून गेला होता.

आणि जी निम्मी माणसं गेली, त्यांचं पाच महिने काय होतं? फडाच्या कडेला कोपी घालून राहायचं. पहाटे उठून तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे, दोघांवर. एक दिवस अंगावर काढून झोपून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापणार. गरोदर बाई तपासणीला जाणार कधी? तिचं कार्ड इकडल्या उपकेंद्राचं, तिकडची सिस्टर म्हणते तुमचं नाव आमच्या यादीत नाही. लेकराचा डोस चुकला तर इकडच्या आशाताईच्या वहीत रेघ कोरी राहते आणि बोलणी ती बिचारी खाते.

याचं टोक काय ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ बायांची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. त्यावर तेव्हा खूप बोललं गेलं, खासगी डॉक्टरांवर जास्त. बोलायलाच हवं होतं. पण त्या बाया खासगीत का गेल्या, हा प्रश्न मागं पडला. खासगी दवाखाना रात्री आठला उघडा असतो, एका फेरीत काम होतं. कॅन्सर होईल म्हणून भीती घातली की बाई कर्ज काढून टेबलावर झोपते, कारण पुढच्या सीझनला पुन्हा खाडा परवडत नाही. आधी कुठल्या सरकारी खोलीत कोणी तिचं शांतपणे ऐकून घेतलं असतं, अंगावरून पांढरं जाण्याला साधं औषध असतं एवढं सांगितलं असतं, तर किती पिशव्या राहिल्या असत्या? त्या बायाही कुठल्यातरी उपकेंद्राच्या वहीत अल्प प्रतिसादच असतील.

खोलीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या उपकेंद्रात तपासणी होते व्हरांड्यात. टेबल, दोन खुर्च्या, भोवती दहा माणसं. त्यात सासरा, त्यात दीर. आतल्या खोलीत औषधांची खोकी. पुरुष डॉक्टरपुढं, सगळ्यांच्या देखत बाईनं काय सांगायचं? ती सांगते, “डोकं दुखतंय.” गोळी घेऊन जाते. वहीत लिहिलं जातं डोकेदुखी. माझ्या बायकोला तिचं खरं दुखणं कळलेलं असतं, तुमच्या खात्याला नाही. वरून कोणी खेकसलं, “किती लेकरं? अजून ऑपरेशन केलं नाही?” की ती बाई परत त्या पायरीवर चढत नाही. सगळ्याच सिस्टर असं बोलत नाहीत. आत्ताची तर नाहीच. पण एकदा बसलेला धसका पाच वर्षं टिकतो.

बंजारा तांड्यावरच्या म्हाताऱ्यांचं याहून अवघड. तीन किलोमीटरची वाट, पावसाळ्यात ओढा आडवा. कशीबशी आली तर तिची गोरमाटी बोली समजत नाही, आणि समजत नाही याचं हसू होतं. मागच्या वर्षी एक आजी तशीच उठून निघून गेली. मी तिला दुकानात बसवून पाणी दिलं, मलाही तिची भाषा धड येत नाही.

रस्ता. पीएचसी १४ किलोमीटरवर आहे, कागदावर जवळच. पूर्वी मुक्कामी गाडी होती. रात्री गावात झोपायची, सकाळी साडेसहाला निघायची, ओपीडीला माणूस वेळेवर पोचायचा. २०२१ च्या एसटी संपात ती बंद पडली, संप मिटला, गाडी आलीच नाही. आता जीप भरेल तेव्हा निघते. ती भरायला दहा वाजतात, पोचायला अकरा. केस पेपरच्या रांगेतून डॉक्टरसमोर जाईस्तोवर ओपीडीची वेळ संपत आलेली. एसटी तुमच्या खात्यात येत नाही हे मला कळतं. दुखणाऱ्या माणसाला मात्र सगळं सरकार एकच दिसतं.

हेच पैशाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळं मोफत झालं. चांगला निर्णय. पण मेडिकल कॉलेजचा दवाखाना दुसऱ्या विभागाचा, तिथं तो लागू नव्हता. आमचा माणूस तालुक्याला काही न देता आला, तिथून पुढं पाठवला, तर पुढच्या खिडकीवर पैसे मागितले. त्याला वाटलं आपल्याला लुटतायत. तो भांडला, न दाखवता परत आला. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

कार्डाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर रात्र पुरायची नाही. महात्मा फुले योजनेचं कवच पाच लाखांवर गेलं. आमच्या गल्लीतले आबा खुब्याचं हाड मोडून पडले. रेशनकार्ड जुनं, त्याला बारा अंकी नंबर नाही. आधारला जोडलेला मोबाइल पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा, तो ड्युटीवर, ओटीपी येऊन उपयोग नाही. अंगठा लावला तर उमटेना. चाळीस वर्षं ऊस तोडलेल्या हाताला रेषा राहतात का? तीन दिवस आबा कॉटवर आणि कागद दारोदार. शेवटी एक एकर गहाण पडलं. ‘योजनेत बसत नाही’ हे चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं, काय केलं म्हणजे बसेल हे एकानंही नाही.

१०८ च्या रुग्णवाहिकेबद्दल तक्रार नाही. फोन लागला तर गाडी येते. फोन लागायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. बाहेर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नवं नाव रंगवलंय, आत सीएचओची, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, जागा सात महिने रिकामी. सिस्टर एकटी, तिच्याकडं पाच गावं. आशाताईंचा मोबदला कधी वेळेवर येत नाही, तरी त्या रात्री गरोदर बाईसोबत जीपमध्ये बसतात. सपाटीला ५,००० माणसांमागं एक उपकेंद्र, डोंगराळ भागाला ३,००० मागं, असा नियम आहे. आमच्या वाट्याला सपाटीचा आकडा आला, चढायला डोंगर आला, आणि माणसं मोजलीत ती अजून २०११ च्या जनगणनेची. हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही. जे हातात आहे तेवढंच मागतो.

मंगळवारची तपासणी परत सुरू करा, पण मंगळवारी नको. गुरुवारी, संध्याकाळी पाच ते आठ. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी, पण ठरला दिवस चुकवू नका. एकदा चुकला की पुढचे तीन गुरुवार माणूस फिरकत नाही.

कुठलीही सेवा ‘अल्प प्रतिसाद’ म्हणून बंद करण्याआधी आशाताईंच्या यादीतली वीस घरं हिंडून न येण्याचं कारण लिहून घ्या. ते कारण प्रस्तावाला जोडा. आणि ऊसतोडीच्या गावांत हंगामातली हजेरी धरू नका.

दसऱ्याच्या आधी, ट्रक लागायच्या आत, कोयत्यावर जाणाऱ्या प्रत्येक घराची तपासणी करा. बीपी-शुगरवाल्यांना परत येईस्तोवर पुरतील एवढ्या गोळ्या एकदम द्या. पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन सांगलीला गेलेला माणूस सोळाव्या दिवशी काय करणार? गरोदर बायांची यादी ज्या कारखान्यावर त्या जातायत तिथल्या पीएचसीला इथूनच पाठवा.

आतल्या खोलीतली खोकी हलवा आणि पडदा लावा. कापड मी देतो, शिवूनही देतो. महिन्यातून एकदा लेडी डॉक्टर पाठवा, मग बघा प्रतिसाद.

मुक्कामी गाडीसाठी एसटीच्या विभाग नियंत्रकांना तुमच्या सहीचं पत्र द्या. ग्रामपंचायतीचे तीन ठराव गेले, पोच आली, गाडी नाही. दवाखान्यासाठी गाडी हवी असं आरोग्य खात्यानं लिहिलं तर त्याला वजन येईल.

आणि एक बोर्ड. कुठल्या दवाखान्यात काय मोफत, कुठं काय लागतं, कार्डासाठी कोणते कागद, अडलं तर कोणाला फोन करायचा. मोठ्या अक्षरात, साध्या मराठीत. ‘लाभार्थी’ शब्द नसला तरी चालेल.

उत्तर मृगाच्या आत मिळावं. एकदा पेरणी लागली की कोणाला कागद वाचायला सवड नसते, आणि तुम्ही पुन्हा हजेरी मोजायला घ्याल. संध्याकाळी लाइट जाते ही अडचण सांगणार असाल तर दुकानात माझा इन्व्हर्टर आहे. रस्त्याच्या पलीकडून वायर टाकून देतो, बिल मागणार नाही.

आपला,
उपकेंद्रासमोरचा किराणा दुकानदार

ता. क. : तो कागद अजून दारावर आहे. पोरं फाडायला निघाली होती, मी फाडू दिला नाही. तुमचं उत्तर आलं की त्याच्याशेजारीच लावायचंय.